गंगेत सोडलेला कलाकंद

आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गंगाखेडला जायचं म्हणजे 'गंगेवर' जायचं. आणि गंगेवर गेलेल्या माणसानं, विशेषतः बाईमाणसानं, तिथं काहीतरी सोडून यायचं अशी रीत. घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभं राहायचं, ओंजळीत पाणी घ्यायचं, आपल्या आवडीच्या एका खाण्याचं नाव घ्यायचं आणि ओंजळ पाण्यात रिती करायची. त्या दिवसापासून तो जिन्नस मरेपर्यंत जिभेला लावायचा नाही. बदल्यात गंगेकडे एक मागणं मागायचं.

हुशार बायका कारलं सोडायच्या. माझ्या एका चुलतीनं तर सफरचंद सोडलं होतं. आमच्या ताडकळसच्या बाजारात तेव्हा सफरचंद येत नव्हतं आणि चुलतीनं ते उभ्या जन्मात दोनदा पाहिलं असेल. तरी गंगेनं तिचं मागणं पुरं केलं, हे मुद्दाम सांगतो.

माझी माय या बाबतीत अगदीच भोळी. आवडीचं म्हणजे खरोखर आवडीचंच सोडायचं, असा तिचा हिशोब. वडिलांना बैलानं शिंग मारलं तेव्हा तिनं हुरडा सोडला. मी मॅट्रिकला बसलो तेव्हा वांगं. मराठवाड्यात वांगं सोडलेल्या बाईनं लग्नाच्या पंगतीत बसून काय खायचं ते तिलाच ठाऊक. मला नोकरी लागावी म्हणून सीताफळ. ती लागली, मी गावच्याच शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो आणि वर्गात या सोडण्याच्या खुळावर पोरांना पोट धरून हसवायला लागलो. माझ्या नोकरीसाठी कुणीतरी सीताफळ सोडलंय, एवढं मात्र मी पोरांना सांगत नसे.

शेवटी तिनं सोडला कलाकंद.

माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. तिला डांग्या खोकला झाला. तो ज्यांनी तान्ह्या लेकरात पाहिलाय त्यांना सांगायला नको. लेकरू खोकता खोकता कमरेत वाकतं, तोंड आधी लाल, मग काळंनिळं होतं आणि पुढचा श्वास येतो की नाही म्हणून आपणच श्वास धरून बसतो. मी तिला परभणीच्या दवाखान्यात घेऊन बसलो होतो. माय दवाखान्यात आलीच नाही, म्हणून मला तिचा राग आला होता. ती एकटी एसटीनं गंगाखेडला जाऊन आली हे मला दोन महिन्यांनी कळलं. पाहुण्यांनी दिवाळीत कलाकंदाचा पुडा आणला तेव्हा तिनं हात मागं घेतला, आणि माझ्या बायकोला लगेच उमगलं. मुलगी बरी झाली होती. मी म्हणायचो इंजेक्शनांनी झाली, आणि मला वाटतं तेच खरं आहे.

पण कलाकंद तिनं सोडला म्हणजे काय सोडलं, हे थोडं सांगायला हवं. तिचं माहेर गंगाखेडच्या दक्षिणेला, बालाघाटच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिचे वडील बाजारच्या दिवशी गंगाखेडहून पळसाच्या पानात बांधून कलाकंद आणायचे. गावामागं कड्यावरून ओढ्याचं पाणी पडायचं, त्याला सगळे 'धार' म्हणायचे. बापलेक धारेखाली बसून तो खायचे. एरवी माझी माय कमी बोलणारी. कलाकंदाचा विषय निघाला की मात्र तिला वाचा फुटायची. दूध किती आटवायचं, तुरटीचा खडा नेमका कधी टाकायचा, दाणा कसा पडतो, तळाला किंचित लागल्याशिवाय तो तांबूस रंग कसा येत नाही. सगळं ती पुरणावरणाचा स्वयंपाक टाकून सांगत बसायची. सोडल्यानंतरची चारपाच वर्षं तिनं हा विषय एकदाही काढला नाही.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "पथ्यपाणी आता काही नाही. जे मागतील ते खाऊ घाला." या वाक्याचा अर्थ आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो. मायनं बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हणले?" मी म्हणालो, "सगळं खायला सांगितलंय." ती हसली. म्हणाली, "मंग बरी व्हायले की मी." तिनं मला फसवलं की मी तिला, हे आम्ही दोघांनीही पुढं कधी काढलं नाही.

खाऊ घालायचं तर काय? ती दोन चमचे पेज घ्यायची आणि मान फिरवायची. जे तिला आवडायचं ते सगळं गंगेच्या पाण्यात जाऊन पडलं होतं, तेही आमच्याचसाठी. एका दुपारी ती ओसरीवर पडली होती. शेजारच्या घरी सणाचं दूध आटत होतं. ती डोळे मिटूनच म्हणाली, "हलवायला पाह्यजे आता. खाली लागायलंय." आणि तिनं आवंढा गिळला. माझ्या मस्तकात तिडीक गेली. त्या गंगेची, त्या रीतीची, सगळ्याचीच. मी बायकोला सांगितलं, हिला गंगाखेडला नेतो आणि सोडलेलं परत मागून घेतो. तिला मरायच्या आधी कलाकंद खाऊ घातला नाही तर नावाचा मास्तर नाही.

पण ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटलेला. एसटी आज सुरू तर उद्या बंद. गावोगावच्या वस्त्या जाळल्याच्या बातम्या यायच्या, माणसं होतं नव्हतं ते टाकून परागंदा व्हायची, आणि आम्ही मास्तर लोक खोलीत बसून चौकशी करायचो ती एसटी कधी सुटणार याची. माझ्या वर्गातली तीन मुलं यायची बंद झाली. मी हजेरीवर रोज त्यांची गैरहजेरी मांडत राहिलो, एकदाही त्यांच्या घरी गेलो नाही. माझी माय मरायला टेकलीय, मला बाकीचं काय करायचंय, असं मी स्वतःला सांगायचो. आज त्याची लाज वाटते. दोनदा पिशवी भरून आम्ही स्टँडवर गेलो आणि दोनदा परत आलो. पहिल्या खेपेला माय चालत आली होती, तिसऱ्या खेपेला तिला धरून न्यावं लागलं.

तिसऱ्या खेपेला गाडी मिळाली. पोळ्याच्या आधीचा आठवडा होता. मी, माय आणि माझी मुलगी. मुलगी आता पाच वर्षांची होती आणि आजीला सोडून राहत नव्हती, म्हणून ती आली. परभणीत गाडी बदलली. गंगाखेडच्या पुलावर गाडी आली तेव्हा खाली गंगा दोन्ही थड्या भरून तांबडी चालली होती. मायनं हात जोडले. मी मुद्दाम दुसऱ्या खिडकीतून बघत बसलो.

गाव जुनं. लोक त्याला दक्षिणकाशी म्हणतात, आणि काशीला असतं ते सगळं तिथं आहे: दगडी घाट, ओळीनं देवळं, न्हाव्यांसमोर मान खाली घालून बसलेली माणसं, कुणाच्या तरी अस्थींचं मडकं मांडीवर घेऊन चहा पिणारे पाहुणे. स्टँडजवळच्या हॉटेलात मी मुलीसाठी सुशीला मागवला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना मिरची-शेंगदाण्याची फोडणी दिलेला, वर बारीक शेव, बाजूला गरम भजी. मुलीनं बशी चाटून पुसून खाल्ली. माय अर्धा कप चहा घेऊन बसली होती आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या ताटाकडं बघत होती. त्याच्या ताटात वांग्याची भाजी होती, काळ्या मसाल्याची, तेलाचा तवंग आलेली. मी बघतोय हे कळल्यावर तिनं मुलीचं तोंड पुसायला घेतलं.

घाटावर एक म्हातारे गुरुजी छत्रीखाली बसले होते. त्यांचा एक पाय सुजलेला होता आणि तो त्यांनी पाटावर पसरला होता. मी भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. म्हणालो, "आईनं सोडलेलं परत घ्यायचंय. घेता येतं का, तेवढं सांगा. येत नसेल तरी आम्ही घेणार आहोत."

गुरुजींनी माझ्याकडं लक्षच दिलं नाही. मायला विचारलं, "काय सोडलं होतं, बाई?"

"कलाकंद."

"कशासाठी?"

मायनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिच्या खोकल्यापायी."

गुरुजींनी मुलीकडं पाहिलं. मग म्हणाले, "घेता येतं. पण ज्याच्यासाठी सोडलं त्यानं हो म्हणायला पाहिजे. पोर लहान आहे, तर तिच्या बापानं म्हणावं. ओंजळीत पाणी घ्या आणि म्हणा, माझ्या मुलीच्या वतीनं मी हे परत देतो."

शाळेतल्या रजेच्या अर्जावर पालकाची सही लागते, तसलाच प्रकार. मला हसू आलं. शास्त्रात हे कुठं लिहिलंय असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं, पण काम होत होतं. पायऱ्या उतरलो, पाणी घेतलं, खणखणीत आवाजात म्हणालो आणि ओंजळ सोडली. वर आलो तर माय माझ्या तोंडाकडं बघत उभी.

"मनापासून म्हणलास का?"

"मनापासून."

"तुला काई न्हाई ना वाटत?"

"माय, कलाकंद म्हणजे दूध, साखर न् तुरटी. त्याचा न् खोकल्याचा काय संबंध?"

"तू शिकलेला हाइस," ती म्हणाली. "तुला वाटत नसंल तर मग खाते."

घाटाच्या बोळात कलाकंदाचं दुकान होतं. मोठ्या कढईत दूध उकळत होतं आणि परातीत थापलेला ताजा कलाकंद अजून कोमट होता. दुकानदारानं तो पळसाच्या पानात बांधून दिला. मी तिथंच तिला म्हणालो, खा. ती म्हणाली, "इथं रस्त्यात न्हाई. धारंवर जाऊ. पाऊस हाय, धार पडत असंल. पुन्हा कुठं व्हायलंय माझं येणं."

तिला चार मैल टांग्यातून न्यायचं म्हणजे खुळेपणाच होता. पण त्या दिवशी तिनं मागावं आणि मी नाही म्हणावं, हे शक्य नव्हतं. टांगेवाल्यानं तिची अवस्था पाहून बसायच्या जागेवर आपली वाकळ अंथरली. म्हणाला, "फिकर नक्को करो साब, मां को जरा बी धक्का लगने नै देता." आणि खरंच त्यानं घोडा असा चालवला की माय मधे मधे डुलकी घेत होती. मांडीवर पळसाचा पुडा दोन्ही हातांनी धरलेला.

धार मोठी नव्हती. पुस्तकातल्या धबधब्याशेजारी तिचं चित्र कुणी छापणार नाही. काळ्या कड्यावरून दोनतीन पुरुष उंचीचं पाणी खालच्या डोहात कोसळत होतं. पण जागा तिन्ही बाजूंनी बंद, त्यामुळं आवाज असा घुमायचा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी मायला उचलूनच एका सपाट दगडावर बसवलं. तिचं वजन माझ्या मुलीहून फार जास्त राहिलं नव्हतं. ती कड्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगत होती. मला ऐकू येत नव्हतं. मी मान हलवत होतो.

बायकोनं बांधून दिलेले धपाटे आणि दही आम्ही खाल्लं. मुलगी धारेच्या तुषारांत जाऊन भिजायची, पळत यायची, एक घास घ्यायची आणि पुन्हा पळायची. मग मायनं पुडा सोडला. पहिला तुकडा नातीला दिला. दुसरा मला. मी तो तोंडात टाकला, अगदी उत्तम होता. मग तिनं तिसरा तुकडा घेतला आणि नाकाशी धरला. तिचा चेहरा मला आजही समोर दिसतो. दुखणं, गाठ, पेज, सगळं त्या चेहऱ्यावरून गेलं होतं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मी जिंकलो होतो. तिनं हात तोंडाकडं नेला.

तेवढ्यात माझं लक्ष मुलीकडं गेलं. तोंडात कलाकंद कोंबून ती पळत होती आणि मधेच थांबून कमरेत वाकली. तोंड लाल झालं. आवाज काहीच ऐकू येत नव्हता, नुसतं ते वाकणं दिसत होतं. आठ महिन्यांची असताना वाकायची, अगदी तसंच.

मी काय केलं ते नंतर कळलं. मायचं मनगट माझ्या मुठीत होतं. नुसतं धरलं नव्हतं, तिच्या तोंडापासून खाली ओढलं होतं. मी काहीतरी ओरडलोही होतो.

मुलीला ठसका लागला होता. पाच वर्षांच्या पोरीनं पळता पळता खाल्लं तर लागतो तसला. तिनं दोनदा खोकून घेतलं, डोळे पुसले, आमच्याकडं आली, पानावरचा आणखी एक तुकडा उचलला आणि पुन्हा पाण्याकडं गेली. पाच अंक मोजेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मी मूठ सोडली. तिच्या मनगटावर माझी बोटं उठली होती. "खा," मी ओरडून म्हणालो. "खा ना माय. ठसका होता, नुसता ठसका!" मी तो तुकडा उचलून तिच्या तोंडाशी नेला. पण डोळे माझे मुलीकडंच लागले होते, आणि ते तिला दिसत होतं.

तिनं माझ्या हातातून तुकडा घेतला आणि पानावर बाकीच्यांशेजारी नीट लावून ठेवला. मग माझं डोकं ओढून माझा कान आपल्या तोंडाशी नेला.

"असू दे रे. म्याबी तेच केलं असतं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणण्यासारखं मी सगळं घाटावरच म्हणून टाकलं होतं. तिनं पुडा पहिल्यासारखा बांधला आणि जाताना टांगेवाल्याच्या हातात दिला. "लेकरांला दे," म्हणाली. "लय दाणेदार झालाय." चाखला तिनं नव्हताच. वासावरून सांगत होती.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "खाल्ला का आत्याबाईनं?"

मी म्हणालो, "न्हाई. तिला नको वाटला."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि मुलीच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. भिजून आलीय म्हणून, असं ती म्हणाली. ताप नव्हता.

माय त्यानंतर महिनाभर होती. गंगाखेड काही लांब नव्हतं. त्या महिन्यात एसटीही बऱ्यापैकी सुरू झाली होती. कुणी ना कुणी तिकडं जायचं आणि विचारायचं, "मास्तर, गंगेवर चाललोय, काई आणायचं का?" मी म्हणायचो, "नाही, काही नको." शाळेत जाऊन हवेचा दाब शिकवायचो. घरी येऊन तिला चमच्यानं पेज पाजायचो. ती दोन चमचे घ्यायची आणि तिसऱ्याला मान फिरवायची. मी आग्रह करत नव्हतो. तिनंही पुन्हा कशाचं नाव काढलं नाही.

दहाव्याला आम्ही गंगाखेडच्या घाटावर होतो. पिंड मांडले. कावळा शिवावा म्हणून पिंडाशेजारी गेलेल्या माणसाच्या आवडीचं काही ठेवतात. भावकीतल्या कुणीतरी विचारलं, "मास्तर, तुमच्या मायला काय लय आवडायचं? हितं जवळच मिळत असंल तर आणतो." कलाकंदाचं दुकान पाठीमागच्या बोळात होतं, तिथून उकळत्या दुधाचा वास घाटापर्यंत येत होता. मुलीला सकाळपासून थोडी कणकण होती आणि ती आईच्या मांडीवर पडून होती. मी बायकोकडं पाहिलं. तिनं पदर मुलीच्या अंगावर ओढला आणि खाली बघितलं.

"विशेष असं काही नाही," मी म्हणालो.

मग साधा भातच ठेवला, वर थोडं दही. आम्ही मागं सरकून उभे राहिलो. कावळा लगेच आला. इकडं तिकडं न बघता त्यानं चोच मारली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हातारी मोठी समाधानी, म्हणाले, तिची काही म्हणता काही इच्छा राहिली नव्हती. मी मान डोलावली.